दोन परंतु

नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी मला नावाने हाक मारली आणि मी ओ दिली नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. शेवटी ते स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी मान वर करून विचारलं, "काय सर?" त्यांना वाटलं मी बहिरी आहे, नाहीतर उद्धट. बहिरी मी नाही. उद्धट आहे, पण त्या दिवशी नव्हते. आमच्या गल्लीत हाकेला ओ द्यायची रीतच नव्हती, आणि बाकीच्या जगात ती असते हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळलं.

आमच्याकडे बाहेरून हाक आली की आतलं माणूस तोंडातून चकार शब्द न काढता दाराशी जायचं आणि दार उघडून बघायचं. डोळ्यांना दिसेल असं कोणी उभं असेल तर "या" म्हणायचं. कोणीच नसेल तर दार लावून घ्यायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. कधीकधी कोणीच नसायचं. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

हे सगळं सुरू झालं माझ्या आत्याच्या हातून. तिच्या हातून झालेली ती एकमेव चूक, आणि ती तिला एकोणचाळीस वर्षं माहीत नव्हती.

आत्या पुस्तकं बांधायची. चर्चच्या मागच्या अंगाला एक दुमजली इमारत होती; खाली जुना छापखाना, तो कधीच बंद पडलेला, आणि वर बारा लाकडी पायऱ्या चढून गेलं की आत्याची खोली. खिडकीखाली लांब टेबल, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र, भिंतीला टांगलेल्या दोऱ्याच्या लडी, आणि स्टोव्हवर खळीचं पातेलं. मंडळीतले सगळे तिला बाइंडरबाई म्हणायचे. प्रार्थनेची पुस्तकं, गीतांची पुस्तकं, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, जे काही फाटेल ते तिच्याकडे यायचं. तिच्या अंगठ्यावर दातांचा एक जुना व्रण होता. तो कसा झाला हे विचारलं की म्हणायची, भूक लागली होती.

नोकरीत माझं साहेबांशी फाटलं आणि मी चोविसाव्या वर्षी परत येऊन तिच्या हाताखाली बसले. पहिल्याच आठवड्यात मी खळीचं अख्खं पातेलं मांडीवर पालथं करून घेतलं, तेव्हापासून तिने माझं नाव चिकटे ठेवलं. शिकवताना ती फार बोलायची नाही. बोलली तर अर्धं तिचं स्वतःचं आणि अर्धं जुन्या पाळकांचं असायचं.

हे जुने पाळक म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचे. त्यांचं नाव कोणालाच ठाऊक नाही, कारण त्यांच्या उपदेशांच्या पुस्तकाचं पहिलं पानच कधीकाळी हरवलं. एकतीस उपदेश. एक गर्वावर, एक चहाडीवर, एक मरणाची तयारी निरोगी असताना का करावी यावर, आणि एक पूर्ण लांबीचा उपदेश देवाच्या घरात घोरणाऱ्यांवर, तो ऐकताना लोक हमखास घोरायचे. आत्याला सगळे पाठ होते. मी दोरा गुंतवला की ती म्हणायची, "उतावीळ हात सैतानाला आपणहून खुर्ची देतो, असं जुने पाळक सांगून गेलेत. उसव आता." मला तो माणूस आवडत नसे. मेल्यावर दोनशे वर्षांनीही दुसऱ्याच्या तोंडून टोमणे मारत होता.

पण त्यांचा एक उपदेश असा होता की त्यावर कोणी हसत नसे. तो दफनाच्या वेळी वाचायचा. प्रत्येक दफनाला, पेटी खाली सोडण्याआधी, पाळक तो वाचत, आणि शेवटचा भाग गल्लीतल्या पोरासोरांनाही तोंडपाठ होता. "अहो प्रियजनहो, तुमच्यातून जो गेला त्याची हाक उद्या तुम्हांला ऐकू येईल. ती उजेडी येईल, हात कामात असताना येईल, आणि तुमच्याच नावाने येईल. परंतु दार लागले आहे. तो बाहेर उभा राहील, तुमच्या ओळखीचा आवाज काढील. त्याला ओ देऊ नका. तो आता तुमचा कोणी नव्हे."

मग पेटी खाली जायची.

हे नुसतं वाचण्यापुरतं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण हाक यायची. माझे वडील, म्हणजे आत्याचे सख्खे भाऊ, गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी मोरीत ताटं विसळत होते, आई शेजारी पुसत होती. दाराबाहेरून वडील म्हणाले, "म्हातारे." ते मला लाडाने म्हातारे म्हणत. आवाज तोच, थोडा बसलेला, बाहेरून दमून आल्यावर असायचा तसा. माझ्या तोंडून ओ निघणार तेवढ्यात आईने ओल्या हाताने माझं तोंड दाबलं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, नळ वाहत राहिला. मग आईने ताट पुसून फळीवर ठेवलं. त्या दिवसापासून मला घराचं दार आवडेनासं झालं, आणि नोकरी बाहेरगावी धरली ती त्याच कारणाने, हे आता सांगायला हरकत नाही.

आत्याच्या खोलीतही एक विचित्र नियम होता. बारावी पायरी, म्हणजे दाराला लागून असलेली अगदी वरची, तिच्यावर पाय द्यायचा नाही. अकरावीवरून सरळ आत यायचं. "किडलीय ती," आत्या म्हणायची. मी एकदा ती गेलेली असताना वाकून बोटाने ठोकून पाहिली. लाकूड खणखणीत होतं. आणि दुपारी अडीच वाजता ती हातातलं काम थांबवायची. दोन-तीन मिनिटं दाराकडे पाठ करून बसायची, डोळे उघडे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, पाठ दुखते.

दोन वर्षं अशीच गेली. मग नवे पाळक आले. वयाने तरुण, चष्म्याची काडी चावायची सवय. आल्या आल्या त्यांनी जुन्या पाळकांचं पुस्तक काखेत घालून आणलं. कणा निखळला होता, पुठ्ठे लोंबत होते. त्यांनी फार अदबीने विचारलं की हे पुन्हा बांधता येईल का. आत्या म्हणाली, "मीच बांधलं होतं. तेविसाव्या वर्षी, माझं पहिलं मोठं काम. आता बासष्टची आहे. एवढं टिकलं म्हणजे काही वाईट नव्हतं."

ते गेल्यावर तिने मला त्या कामाची हकिकत सांगितली, कारण ती खुशीत होती. त्या पुस्तकाच्या दोन प्रती होत्या, दोन्ही लक्तरं. पंधरा वर्षं कोणी उघडल्या नव्हत्या. पानं घड्यांवर फाटून सुटी झालेली, आणि आधीच्या कोणा बाइंडरने कडा कापताना माथ्यावरचे पानांचे आकडे छाटून टाकलेले. दोहोंतून एक पूर्ण प्रत करायची होती. मी विचारलं, आकडे नाहीत तर क्रम कसा लावला?

"हाकेने," ती म्हणाली.

जुन्या छपाईत प्रत्येक पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, एक शब्द एकटाच छापलेला असायचा. तो पुढच्या पानाचा पहिला शब्द. बांधणाऱ्याला कळावं म्हणून. आत्या त्या तळच्या शब्दाला हाक म्हणायची आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तोच शब्द आला की ती ओ. तळाच्या हाकेला ओ देणारं पान शोधायचं, त्याच्या तळाची हाक बघायची, तिची ओ शोधायची. तिने सगळी पानं या जमिनीवर पसरली होती आणि नऊ दिवस गुडघ्यांवर फिरत जुळवली होती. जी उरली ती दुसऱ्या प्रतीची, दुबार, असं समजून पुठ्ठ्याच्या अस्तराला वापरली. जुना कागद चांगला, खळ पितो.

"एकही हाक ओवाचून राहिली नव्हती," ती म्हणाली. एवढा अभिमान तिच्या आवाजात मी आधी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मागचा पुठ्ठा सोलायला घेतला. ओला स्पंज फिरवायचा, थांबायचं, हाडाची पट्टी घालून कापड उचलायचं. कापडाखाली तिने स्वतः चिकटवलेलं अस्तर होतं, छापील पान, पिवळं पडलेलं. आत्याची नजर कोणत्याही पानावर आधी तळाशी जाते. तिने वाचलं, "परंतु." मग पान सावकाश सोडवून पालथं केलं आणि माथा पाहिला. तिथेही पहिला शब्द परंतु.

ती स्टुलावर बसली. मला काहीच कळलं नव्हतं, मी स्पंज पिळत होते. तिने पुस्तक ओढून दफनाचा उपदेश काढला. "तुमच्याच नावाने येईल" इथे पान संपत होतं आणि तळाला हाक होती, परंतु. समोरच्या पानाच्या माथ्याला ओ होती, परंतु दार लागले आहे. तिने ते ओलं पान दोहोंच्या मध्ये धरलं. आधीच्या पानाची हाक त्याने घेतली, आणि त्याची हाक पुढच्या पानाने. दोन परंतु होते. तेविसाव्या वर्षी तिने पहिल्या परंतुला दुसऱ्याची ओ जोडली होती, आणि मधलं पान कोणाला हवं आहे असं दिसलंच नाही.

"वाच," ती म्हणाली. तिचे डोळे चांगले होते, तरी मला म्हणाली.

मी वाचलं. "परंतु भिऊ नका, कारण ती हाक प्रीतीची आहे. तुमचा मनुष्य एकदाच हाक मारतो, आणि ओ मिळेपर्यंत उंबऱ्याशी तिष्ठत राहतो; कारण घरच्यांचा निरोप घेतल्यावाचून धन्याकडे जाणे त्याला बरे वाटत नाही. दार उघडू नका, डोळ्यांनी शोधू नका. नुसती ओ द्या, म्हणजे तो सुखाने पुढे जाईल. ज्यास ओ मिळत नाही तो तेथेच उभा राहतो, आणि त्याचे पाय दुखतात." पुढे पान पालथं केलं तर आशेबद्दल, धीराबद्दल, रडणाऱ्याने किती रडावं याबद्दल बरंच होतं, आणि अगदी शेवटी हे होतं: "मग मृत्यूही तुमच्या दाराशी परत येऊ पाहील, कारण एकदा आत येऊन गेलेल्यास वाट ठाऊक असते." आणि तळाला, परंतु.

परंतु दार लागले आहे. तो बाहेर उभा राहील. त्याला ओ देऊ नका. तो म्हणजे मृत्यू. आपला माणूस नव्हे.

मी वाचून थांबले. मला मोरीतला नळ आठवला, आईचा ओला हात आठवला, आणि वडील चौदा वर्षं आमच्या उंबऱ्यावर उभे असतील हे माझ्या मनात आलं. मी रडले. आत्या रडली नाही. ती दाराकडे बघत होती, आणि तिने अंगठा दातांत धरला होता, जिथे व्रण होता तिथेच.

त्या दिवशी अडीचला तिने मला आतोबांबद्दल सांगितलं. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, मी पाहिलेले नाहीत. ते पोस्टमन होते. फेरी संपली की अडीच वाजता तिला चहाला न्यायला यायचे. बूट धुळीचे म्हणून आत यायचे नाहीत, वरच्या पायरीवर उभे राहायचे आणि एकदाच हाक मारायचे, "कारागीर." दुसऱ्यांदा कधी नाही. ते म्हणत, ज्याला ऐकू येतं त्याला एक पुरते. ती म्हणायची, "ओ, आले," ब्रश पाण्यात ठेवायची आणि निघायची. ती एकतीस वर्षांची असताना ते गेले. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी ती कामावर आली, लोकांनी त्यावरूनही नावं ठेवली. अडीच वाजता पायरी करकरली आणि ते म्हणाले, "कारागीर." तिने अंगठा चावून ओ गिळली.

"एकतीस वर्षं झाली," ती म्हणाली. "मला वाटायचं पायरीवर दुसरंच काही उभं आहे. त्याचा आवाज काढून."

पाळकांना आम्ही संध्याकाळी बोलावलं. त्यांनी पान तीनदा वाचलं, चष्म्याची काडी चावली आणि म्हणाले की हे रूपक आहे. जुन्या काळचे उपदेशक असंच चित्रं उभी करून बोलत, त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा नसतो. पान गुपचूप जागेवर घालून पुढच्या दफनाला पूर्ण वाचावं, मंडळीला उगाच हादरा नको. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या घरातलं कोणी या गावात पुरलंय?" ते नाही म्हणाले. "मग तुम्हाला अजून कोणी हाक मारलेली नाही," ती म्हणाली. "पान मी गाळलं, सांगणार मी."

रविवारी उपासना संपल्यावर ती उभी राहिली. व्यासपीठावर चढली नाही, पहिल्या बाकापाशीच उभं राहून पान वाचलं, खळीची कृती सांगावी तशा सपाट आवाजात. माझी चूक आहे, एवढंच शेवटी म्हणाली. मला वाटलं होतं लोक भडकतील. कोणी हललंही नाही. मग मागच्या बाकावरचा म्हातारा शिंपी उठला, काठी घेतली आणि बाहेर पडला. त्याचं घर चर्चच्या समोरच. खिडक्या उघड्या होत्या, आम्हाला त्याचं दार लागल्याचा आवाज आला. आणि मग आतून त्याचा म्हातारा, चिरका आवाज, "ओ."

त्याची बायको सव्वीस वर्षांपूर्वी गेली होती.

सगळे उठले. पोरांना हाताला धरून आपापल्या घरी गेले. त्या दुपारी मी आणि आई आमच्या मोरीत उभ्या राहिलो, कारण हाक तिथेच ऐकली होती. आई म्हणाली, तू दे, तुला मारली होती. मी ओ दिली. पहिली नीट उमटली नाही, दोनदा द्यावी लागली. उंबऱ्यापाशी काहीतरी हललं, एवढंच. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "चौदा वर्षं उभं ठेवलं गं मी त्यांना." बाहेर गल्लीत घराघरातून ओ येत होत्या, बायकांच्या, पुरुषांच्या, एक लहान मुलाची. बंद दारांमागून. रस्त्यावर दिसायला कोणीच नव्हतं, पण कुत्री सगळी एका बाजूला सरकून बसली होती, गर्दीला वाट देतात तशी.

आत्याचं एवढ्याने भागलं नाही. तिने पाळकांकडून दफनाची नोंदवही मागून घेतली आणि एकोणचाळीस वर्षांतली नावं एका कागदावर उतरवली. दोनशे बारा. कोणाला ओ मिळाली ते घरोघर विचारून खुणा केल्या. तरी ज्यांच्यामागे ओ द्यायला गावात कोणी नाही अशी एकोणीस उरली. कोणाची मुलं परगावी गेलेली, कोणाच्या मागे कोणीच नाही, कोणाचं घर पाडून तिथे गोदाम झालेलं. या एकोणीस जागी ती स्वतः गेली, रोज एक, सकाळचं काम आटपून. मी सोबत असायचे. रिकाम्या घराची किल्ली मागून आणायची, आत जाऊन दार लावायची, आणि म्हणायची, "ओ. तुमची माणसं इथे नाहीत, परगावी आहेत. मी बाइंडरबाई. माझ्यामुळे उशीर झाला. आता जा तुम्ही." प्रत्येक ठिकाणी हेच, शब्दही बदलायची नाही. गोदामात पोत्यांच्या मागे उभं राहून म्हणाली तेव्हा तिथला हमाल मला बाजूला घेऊन विचारत होता, बाईंचं बरं आहे ना. मी त्याला म्हटलं, तुझ्यापेक्षा बरं आहे. पण त्याच क्षणी त्याच्या पाठीमागचं पत्र्याचं दार आपोआप दोन बोटं हललं, आणि तो दुसऱ्या दिवसापासून कामाला आला नाही.

एकोणीस संपली. कागदावर एकच नाव बिनखुणेचं राहिलं, आतोबांचं.

मी आठवडाभर वाट पाहिली. रोज अडीचला ती दाराकडे पाठ करून बसायची. पुस्तकाला मधलं पान जोडून झालं, नव्याने शिलाई झाली, कणा झाला. शेवटी मला राहवलं नाही. मी तिला तोडून बोलले. म्हटलं, सगळ्या गल्लीचे मोकळे केलेस आणि स्वतःच्या माणसाला ताटकळत ठेवलंयस. त्यांचे पाय दुखत नसतील का?

ती बराच वेळ दोऱ्याला मेण लावत राहिली. मग म्हणाली, "ओ दिली की जाईल तो."

"मग जाऊ दे की."

"तुला बोलायला काय जातं, चिकटे. एकतीस वर्षं मी भ्याले त्या पायरीला. आता भीती गेली, तर लगेच त्याला घालवून देऊ? चार दिवस राहू दे की." तिचा आवाज फुटला, आणि तिने तो फुटू दिला. "रोज येताना मनात म्हणते, बसा हो, पायरीवर बसा. उभे नका राहू."

मला तिचा राग आला होता आणि तिच्याबद्दल इतकं वाईटही वाटलं की मी उठून खळ ढवळायला गेले. त्या दिवसापासून मीही अकरावीवरून आत जाताना थोडी कडेने जाऊ लागले, बसलेल्या माणसाचा गुडघा लागू नये म्हणून.

हे असं चार महिने चाललं. पुस्तकाची शेवटची पुस्तीन, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतून लावायचा कोरा कागद, ती तेवढी राहिली होती. आत्या ते काम पुढे ढकलत होती, हे मला दिसत होतं. शेवटी एका मंगळवारी तिने ती लावली. हाडाच्या पट्टीने मधून कडेकडे हवा काढली, पुस्तक मिटलं, दाबयंत्रात घातलं, चाक फिरवून घट्ट केलं. मी खिडकीपाशी कापड कापत होते. अडीच वाजले. या वेळी ती दाराकडे पाठ करून नाही, तोंड करून बसली.

"ओ," ती म्हणाली. "आले."

अगदी साध्या आवाजात, कोणी खरंच बोलवायला आल्यासारखं. ब्रश धुतल्याचा आवाज मी ऐकला. मी कातरीचा तो काप पूर्ण केला आणि मग वळले. ब्रश पाण्याच्या वाटीत उभा होता. आत्या खुर्चीत होती, हात मांडीवर, मान थोडी दाराकडे. ती गेली होती. ओ द्यायला ती चार महिने थांबली ती याचसाठी, हे मला तेव्हा कळलं. त्याला एकट्याला पाठवायचं नव्हतं तिला.

दुसऱ्या दिवशी तिचं दफन झालं. पाळकांनी उपदेश पूर्ण वाचला, दोन्ही परंतु धरून. आता ते रूपक म्हणत नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर आले. लोकांनी नावं ठेवली असतील, ठेवोत. बाप्तिस्म्याची वही उसवायला घेतली, स्टोव्हवर खळ चढवली, आणि दाराकडे तोंड करून बसले. अकरा वाजले, बारा वाजले. मला वाटलं येणारच नाही. आत्या घाईत निघाली, मागे वळून हाक मारणाऱ्यांतली ती नव्हे. खळ घट्ट होऊ लागली.

"चिकटे," दाराबाहेरून ती म्हणाली. जरा चिडून. खळ लागतेय, अशा सुरात.

"ओ, आत्या," मी म्हटलं. मोठ्याने, स्वच्छ, एकदाच.

बारावी पायरी करकरली. मग अकरावी, मग दहावी. धुळीचे जड बूट पुढे होते, आणि त्यांच्या मागे घासत चालणाऱ्या सपाता. त्या मी दोन वर्षं रोज ऐकल्या होत्या, ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं. खाली फाटक वाजलं. मी उठून आधी खळ उतरवली. संध्याकाळी घरी जाताना बाराव्या पायरीवर पूर्ण भार देऊन पाय ठेवला. पायरी चांगली भक्कम आहे.